मणक्याची गादी आणि कायरोप्रॅक्टिक उपचार
(संस्थेच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात दिलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, बँकेत लिपिक आहे. परंतु दिवसभर खुर्चीत बसणारा काय आणि दिवसभर ओझी वाहणारा काय, दोघांचीही कंबर दुखतेच. आमच्या शाखेतील एका सहकाऱ्याची गादी सरकली, तेव्हा त्याच्याबरोबर दवाखान्याच्या फेऱ्या मारताना जे विचारले आणि पुढे वाचले, ते आपणापुढे ठेवतो.

प्रथम 'गादी सरकली' म्हणजे काय ते पाहू. दोन मणक्यांमध्ये एक चकती असते. बाहेर चिवट कडे, आत मऊ गर. ही चकती अखंडपणे जागची हलत नाही. तिचे कडे फाटते, गर बाहेर येतो आणि शेजारच्या मज्जातंतूला, म्हणजे आपण ज्याला नस म्हणतो तिला, त्रास देतो. मग कळ कमरेतून पोटरीपर्यंत उतरते. हा संबंध बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या डॉक्टरांनी १९३४ साली स्पष्ट केला. तेव्हा 'गादी दाबून जागेवर बसवतो' हे बोलणे शरीररचनेला धरून नाही.

कायरोप्रॅक्टिक ही पद्धत डी. डी. पामर यांनी १८९५ साली अमेरिकेतील डेव्हनपोर्ट येथे सुरू केली. बहुतेक रोगांचे मूळ मणक्यांत आहे, हा त्यांचा दावा विज्ञानाने मान्य केला नाही. हातांनी सांध्याला नेमका झटका देण्याचे तंत्र मात्र टिकले. अमेरिकेत कॅन्ससने १९१३ मध्ये या व्यवसायाला प्रथम परवाना दिला, लुईझियानाने १९७४ मध्ये सर्वांत शेवटी. तेथील वैद्यांच्या संघटनेने २०१७ साली साध्या कंबरदुखीसाठी शेक, मालिश यांबरोबर या तंत्राचाही पर्याय सुचवला. गादीमुळे पायात उतरणाऱ्या कळेसाठी मात्र पुरावा तितका भक्कम नाही. मोबाईलवरील चित्रफितींत ऐकू येणारा 'कट्' आवाज सांध्यातील वायूचा असतो. हाड बसल्याचा नव्हे.

मग अनेकांना गुण कसा येतो? गादीचे बहुतेक रुग्ण सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेशिवाय सुधारतात. बाहेर आलेला गर शरीर हळूहळू शोषून घेते. त्या काळात आपण ज्याच्याकडे जातो, त्याला श्रेय मिळते. एमआरआयच्या अहवालानेही घाबरू नये. १९९४ च्या एका अभ्यासात कंबर न दुखणाऱ्या ९८ जणांची तपासणी केली, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांत फुगलेली चकती आढळली.

परंतु थोड्या रुग्णांच्या बाबतीत वेळ दवडणे फार महागात पडते. लघवी अडणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा, दोन्ही पायांतील शक्ती जाणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा. तेथे काही तासांचा उशीरही जन्माचे अपंगत्व देऊ शकतो. पाऊल उचलेनासे झाले तरीही आधी डॉक्टर. अशा वेळी कोणालाही कंबर मोडू देऊ नका.

ही लक्षणे नसतील आणि डॉक्टरांनी तपासले असेल, तरच या उपचाराचा विचार करावा. आपल्या देशात त्यासाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. म्हणून शिक्षण कोठे झाले हे स्पष्ट विचारा. माझा अहवाल पाहिलात का, किती बैठकांनंतर उपयोग नाही म्हणून थांबणार, हेही विचारा. आगाऊ पैसे भरून बैठकांचा गठ्ठा घेऊ नका. मानेला झटका देण्यास तर सरळ नकार द्या. त्यातून क्वचित मेंदूची रक्तवाहिनी दुखावते.

दरम्यान अंथरूण धरून बसू नये. झेपेल तेवढे चालावे, फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकावा. रोजंदारीवर जगणाऱ्याची कंबर हेच त्याचे भांडवल असते. ती दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नव्हे, आपला हक्क आहे. विद्यार्थी मित्रांनो, घरातील वडीलधाऱ्यांसाठी हे प्रश्न तुम्ही विचारा.