मोरी बुजवली तर पाणी भराव फोडते
(चेन्नई येथे मराठी रेल्वे व टपाल कामगारांपुढे केलेले भाषण)



निवृत्तीच्या पैशातून दोन खोल्या घ्याव्यात, ही आपल्या प्रत्येकाची इच्छा असते. म्हणूनच पल्लिकरणैच्या प्रश्नाकडे आपल्याला डोळेझाक करता येणार नाही.

दक्षिण चेन्नईतील अनेक तलावांचे जादा पाणी या पाणथळीत उतरते व ओक्कियम मडुवूतून बकिंगहॅम कालव्यात जाते. १९६५च्या सुमारास तिचा विस्तार पाच हजार हेक्टरांच्या वर होता. पुढे तिच्यात शहराचा कचरा पडला, सरकारी संस्था, आयटी कंपन्या आणि वसाहती उभ्या राहिल्या. आपल्या एमआरटीएसची लाईनही तिच्यातूनच गेली. २०२२ साली रामसर यादीत आले ते सुमारे १२४७ हेक्टर.

गँगमनला याचा अर्थ समजावून सांगायला नको. मोरी बुजवली की पाणी भराव फोडते. १ डिसेंबर २०१५ रोजी तांबरमला एका दिवसात ४९० मिलिमीटर पाऊस झाला. वेळचेरीत होड्या चालल्या, गाड्या रद्द झाल्या. मुंबईकरांनी २६ जुलै २००५ रोजी मिठीकाठी हेच भोगले.

पेरुंबाक्कमला हजाराहून अधिक सदनिकांची योजना पुढे आली. ही जमीन रामसर क्षेत्रातली, असा तिला विरोध करणाऱ्यांचा आक्षेप. ती खासगी पट्ट्याची व हद्दीबाहेरची, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे. ऑक्टोबर २०२५मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने बांधकामास अंतरिम मनाई केली. त्याआधी सप्टेंबरमध्ये हरित लवादाने, हद्दीची मोजणी होईपर्यंत पाणथळीत व तिच्याभोवती एक किलोमीटरपर्यंत नव्या परवानग्या देऊ नयेत, असा आदेश दिला होता. त्यात ज्यांनी पै पै जमवून लहानसा प्लॉट घेतला, असे लोकही अडकले.

साथींनो, मोठ्या बिल्डरला वकील परवडतो; कर्ज काढून घर घेणाऱ्याला परवडत नाही. घर बुडाले तरी हप्ता पगारातून कापला जातोच. तेव्हा आपली मागणी साधी आहे. पाणथळीची हद्द सर्व्हे नंबरनिशी, तमिळमध्ये, प्रत्येक वॉर्डात लावा. हद्दीबाहेरच्या लहान प्लॉटधारकांना विनाविलंब परवानगी द्या. आतल्या जमिनीवर एकही वीट चढू देऊ नका.

आणि सभासदांना एक विनंती. बुकिंगची रक्कम भरण्यापूर्वी पावसाळ्यात एकदा ती जागा पाहून या आणि तिथल्या जुन्या रहिवाशांना विचारा, पाणी कुठवर येते?

कामगार एकजुटीचा विजय असो!