गायरानातील द्विदल आणि भूमिहीनांचा हक्क

(कार्यकर्ता शिबिरातील व्याख्यान)



दुष्काळ पडला की चाऱ्याची चर्चा टनांत होते. छावणीत कडबा किती आला, उसाचे वाढे किती आले, एवढ्यावर हिशेब मिटतो. पण चाऱ्याचे वजन आणि चाऱ्यातील सत्त्व या भिन्न गोष्टी आहेत. माण, आटपाडी, जत या पर्जन्यछायेतील तालुक्यांत कुसळी, पवन्या, डोंगरी ही गवते पावसाळा सरताच वाळतात आणि त्यांतील प्रथिने झपाट्याने घटतात. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात चारा पचविण्याचे काम सूक्ष्मजीव करतात. चाऱ्यात सुमारे ७ टक्क्यांहून कमी प्रथिने असली तर त्या जीवांचीच उपासमार होते आणि समोर चारा असूनही जनावर खंगत जाते.

सधन शेतकरी ही उणीव सरकीची पेंड विकत घेऊन भरून काढतो. चार शेळ्या बाळगणारी शेतमजूर स्त्री आणि मेंढरांमागे फिरणारा धनगर यांना ती भरून काढावी लागते माळावरच्या रानटी द्विदलांतून. पावसाळ्यात रानमूग, रानमटकी, गोकर्णीचे वेल. उन्हाळ्यात बाभूळ आणि हिवराच्या शेंगा, सौंदडीचा पाला. या वनस्पतींच्या मुळांवरील गाठींतले जीवाणू हवेतील नत्र बांधून घेतात. म्हणून हलक्या जमिनीतही, खताविना, त्यांत प्रथिने तयार होतात. पुढे मेंढरे शेतात बसविली की लेंडीखताच्या रूपाने त्या नत्राचा काही भाग शेतकऱ्यालाही मिळतो. गरिबाची पेंड अशी गायरानात पिकते. तिला बाजारभाव नाही, म्हणून नियोजनाच्या कागदावर तिची नोंदही नाही.

ही पेंड हिरावली जात आहे. अर्थशास्त्रज्ञ एन. एस. जोधा यांनी सात राज्यांच्या कोरडवाहू भागातील ८० हून अधिक गावांची पाहणी १९८६ साली प्रसिद्ध केली. १९५० च्या दशकाच्या आरंभापासून तीस वर्षांत तेथील सामायिक जमीन ३१ ते ५५ टक्क्यांनी घटली होती. गरिबांना जमीन द्यायची म्हणून झालेल्या या खासगीकरणात बरीच जमीन गरीब नसलेल्यांच्या हाती गेली, आणि गरिबांना मिळालेल्या जमिनीतील काही साधनांअभावी त्यांच्याकडे टिकलीही नाही.

येथे समाजवाद्यांपुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली झालेले भूमिहीनांचे सत्याग्रह पडीक सरकारी जमिनीसाठीच होते, आणि ती मागणी न्याय्य होती. मग गायरान कसणारा दलित भूमिहीन आणि तेथे शेळ्या चारणारी भूमिहीन स्त्री यांच्यात पक्षाने कोणाची बाजू घ्यावी? दोघांचीही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपालसिंग खटल्यात सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला, तेव्हा भूमिहीन व अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद मान्य केला होता. अतिक्रमण हटविण्याची मोहीम आधी झोपडीवर येते आणि बड्या बागायतदाराच्या कुंपणापाशी थबकते. संघर्ष व्हायला हवा तो या कुंपणाशी.

उरलेल्या गायरानाचे काय करायचे, हेही कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत मांडले पाहिजे. आदर्श गाव योजनेतील सरसकट चराईबंदीचा भार ज्याला शेत नाही त्याच्यावरच पडतो. त्याऐवजी माळाचे भाग पाडून, वेलांचे बी गळेपर्यंत एकेक भाग पाळीने मिटावा. बी पडले नाही तर पुढच्या वर्षी द्विदल उगवणार नाही. जनावर तोंड लावत नाही म्हणून गिरिपुष्प लावण्याची प्रथा सोडून बाभूळ, हिवर, सौंदड लावावेत. वेड्या बाभळीच्या शेंगा जनावरे आवडीने खातात, पण तिच्या जाळीखाली गवत उरत नाही. ती वेळीच काढावी. आणि सौर प्रकल्पासाठी गायरान मागितले गेले, तर त्यावर चरणाऱ्या जनावरांचे मालक ग्रामसभेत हजर असल्याशिवाय ठराव होता कामा नये.

समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीचे वाटप सामाईक हिताला पोषक असावे, असे राज्यघटनेचे कलम ३९ (ख) सांगते. बाभळीच्या शेंगेलाही ते लागू आहे.