विखुरलेल्या प्रकाशाची बातमी
हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लेसरच्या साहाय्याने गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा होते आहे, ४-४ किलोमीटरच्या दोन भुजांची. तिथे लेसरचा विखुरलेला प्रकाश म्हणजे निव्वळ डोकेदुखी. धातूंच्या अभ्यासकांना मात्र नेमका तोच हवा असतो! १९२८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांनी दाखवलं, की विखुरताना काही प्रकाश ऊर्जा देतो किंवा घेतो आणि त्याचा रंग किंचित बदलतो. साध्या धातूत इलेक्ट्रॉनांकडून येणारा हा संकेत फारच क्षीण. तांब्याच्या ऑक्साइडांवर आधारलेल्या अतिवाहकांत मात्र इलेक्ट्रॉनांची आपसांत सतत रेटारेटी चालते, म्हणून वर्णपटात रुंद, पसरट पट्टा उमटतो. प्रकाशाचं ध्रुवीकरण बदललं, की कोणत्या दिशेने जाणारे इलेक्ट्रॉन पाहायचे, तेही निवडता येतं. या अतिवाहकांतली ऊर्जेची फट, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या जोड्या तोडायला लागणारी ऊर्जा, सगळ्या दिशांना सारखी नसते, याचा एक भक्कम पुरावा असाच हाती आला.