रिकामे तिसरे छिद्र



चाळीतल्या खोलीत तीन पिनांचे सॉकेट बसवले की घरमालक दुरुस्ती झाल्याचे सांगून मोकळा होतो. परंतु भिंतीत जुन्या दोनच तारा असतील, तर वरच्या मोठ्या छिद्रामागे काहीच जोडलेले नसते. ही दुरुस्ती नव्हे, दुरुस्तीचा देखावा होय.

बोर्डाची पेटी लाकडी असेल, तर सैल जोड तापून ती पेट घेऊ शकते. लोखंडी पेटीला अर्थिंग नसेल, तर सोललेली तार टेकताच तिच्यात वीज उतरते, आणि फ्यूजही जात नाही. प्लास्टिकच्या पेटीचा शॉक बसत नाही हे खरे. पण इस्त्रीच्या वा गीझरच्या अंगात उतरलेली वीज ती रोखू शकत नाही. तेव्हा मूळ प्रश्न तिसऱ्या तारेचा आहे आणि मालक नेमका तिचाच खर्च वाचवतो. त्याचा दोष रोजंदारीवरच्या वायरमनच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चे कलम १४ काय सांगते? विरुद्ध करार नसल्यास घर सुस्थितीत राखणे मालकावर बंधनकारक आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने हयगय केली, तर भाडेकरूंनी दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करावा. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाची. जुन्या चाळीत एकट्याचा हा हिस्सा तारेलाही पुरणार नाही. कायद्याने संयुक्त नोटिशीची मुभा दिली आहे. ती सबंध चाळीच्या सह्यांनिशी द्या, आणि काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करवून घ्या.