पाणलोटाच्या मालकांचं स्वागत

सन्माननीय अध्यक्ष, चौक-खालापूरच्या डोंगरवाड्यांतून आलेले ठाकर-कातकरी बंधू-भगिनी आणि तरुण मित्रांनो,

स्वागत समितीच्या वतीने सीबीडी बेलापुरात आपलं मनःपूर्वक स्वागत. आल्या पाहुण्याला आधी पाणी द्यायची आपली रीत. पण आज तुमच्यापुढे ठेवलेलं पाणी तुमच्याच डोंगरांतून आलं आहे. धावरी नदीवरचं मोरबे धरण नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचं आहे आणि या शहराची तहान मुख्यतः तेच भागवतं. त्याच्या वरच्या उतारांवर कोण राहतं, हे मात्र शहराने फारसं विचारलं नाही.

ते कळलं तेही दुःखातून. १९ जुलै २०२३ च्या रात्री याच डोंगरांतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं मातीखालीच राहिली. गाडीरस्ता नव्हता, यंत्रं वर पोहोचली नाहीत. भर पावसात पायवाटेने चढून हातांनी माती उकरणाऱ्यांत डोंगर भटकणारी तरुण मुलंही होती. पुढे वाचलेल्यांसाठी सिडकोने, म्हणजे याच बेलापुरातल्या संस्थेने, पायथ्याशी घरं बांधली. ते चांगलंच झालं. पण घराच्या किल्लीबरोबर डोंगरावरचा हक्क मिळत नाही.

म्हणून तरुणांकडे माझं एकच मागणं आहे. पावसाळ्यात एका रविवारी रोपं लावून परतलात, तर त्याला भागीदारी म्हणू नका; वाडीला तिचा हक्क मिळवायला मदत करा, ती खरी भागीदारी. रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, त्यामुळे इथल्या वाड्यांना पेसा कायद्याचा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचा, आधार नाही. त्यांच्या हाती आहे तो २००६ चा वनहक्क कायदा. त्याच्या कलम ५ मध्ये पाणलोट आणि पाण्याचे स्रोत राखण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि आपलं जंगल स्वतः सांभाळून दाखवलं.

असा हक्क मिळवायला दावा करावा लागतो आणि त्यात वडीलधाऱ्यांचे जबाबही पुरावा म्हणून चालतात. कुठला झरा मे महिन्यातही आटत नाही, कुठली दळी, म्हणजे डोंगरउतारावरची शेती, कुणाच्या आज्याने कसली, हे वाडीतल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ आहे. ते लिहून घेणं, जीपीएसवर हद्द नोंदवणं, कागद उपविभागीय समितीकडे देऊन पोच आणणं, हे काम तुम्हा तरुणांचं. हद्द कुठून जाते, ते मात्र वाडीच सांगेल. तिथे तुम्ही शिकायला बसायचं.

आज निघण्यापूर्वी तरुणांच्या प्रत्येक गटाने एकेका वाडीबरोबर बसून कामाची तारीख ठरवावी आणि पुढच्या पावसाळ्याआधी तिचा दावा दाखल करायला मदत करावी, अशी कळकळीची विनंती करून मी थांबतो.