वळिवड्याचीं भावंडें

युद्ध संपलें म्हणजे राष्ट्रांचे तह होतात. परंतु ताटातूट झालेल्या भावंडांची गांठ कोणी घालावयाची? या प्रश्नाचें एक उत्तर कोल्हापूरजवळ, पंचगंगेच्या परिसरांत, वळिवडे या गांवीं सांपडतें.

१९३९ च्या सप्टेंबरांत पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनी व पूर्वेकडून सोव्हिएट रशिया यांनीं आक्रमण केलें. १९४० च्या फेब्रुवारीपासून पूर्व पोलंडांतील लाखों माणसें मालगाड्यांत कोंबून सैबेरिया व कझाकस्तान या प्रदेशांत हद्दपार करण्यांत आलीं. तेथें भुकेनें व रोगराईनें अनेकांचे आईबाप नेले. १९४१ त जर्मनी रशियावरच उलटल्यानंतर या लोकांची सुटका झाली, व १९४२ त त्यांपैकीं पुष्कळजण कास्पियन समुद्र ओलांडून इराणांत पोहोंचले. या प्रवासाआधीं कित्येक मातांनीं आपलीं मुलें स्वतः जिवंत असतांना अनाथालयाच्या स्वाधीन केलीं. निदान तीं तरी सुखरूप बाहेर पडतील, एवढीच आशा! थोरला भाऊ सैन्यांत, बहीण इस्पितळांत आणि धाकटें अनाथालयांत, अशी एकाच घराची वांटणी होई.

त्याच वर्षीं नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंह यांनीं काठेवाडांत बालाचडी येथें अशा शेंकडों मुलांना आश्रय दिला. १९४३ त कोल्हापूर संस्थानांत वळिवड्याची छावणी उभी राहिली. तेथें सुमारें ५,००० पोलिश निर्वासित राहिले. त्यांत स्त्रिया व मुलेंच बहुसंख्य होतीं. बालाचडीची छावणी १९४६ त बंद झाली, तेव्हां तेथील मुलेंहि वळिवड्यास आलीं. येथें शाळा होत्या, प्रार्थनामंदिर होतें, दवाखाना होता, बालवीरांचीं पथकें होतीं. मुलें आपल्या भाषेंत शिकत, आपले सण साजरे करीत.

अन्नवस्त्रानें जीव जगतो. पण विस्कटलेलें बालपण सांवरण्यास ओळखीचा हात लागतो. आईचा आवाज कसा होता, दारापुढें कोणतें झाड होतें, हें धाकट्याला सांगणारें माणूस म्हणजे थोरली बहीण. तीच दुरावली, तर त्याचें घर आठवणींतूनहि जातें.

युद्धानंतर नवी अडचण आली. ज्या पूर्व पोलंडांत यांचीं गांवें होतीं, तो मुलूखच सोव्हिएट राज्यांत गेला. १९४७ व १९४८ सालीं छावणी हळूहळू रिकामी झाली. ब्रिटिशांच्या बाजूनें लढलेल्या पोलिश सैनिकांच्या आप्तांना इंग्लंडांत जातां आलें. तेव्हां सैन्यांत गेलेला भाऊच पुष्कळांचा आधार ठरला. कोणी आफ्रिकेंत, कोणी ऑस्ट्रेलियांत गेले. त्या बराकी मात्र ओस पडल्या नाहींत. फाळणीनें घर गमावलेले सिंधी निर्वासित तेथें येऊन राहिले. तेंच आजचें गांधीनगर, कापडाच्या घाऊक बाजारपेठेसाठीं प्रसिद्ध.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें २००९ सालीं निराधार बालकांच्या संगोपनाचीं मार्गदर्शक तत्त्वें स्वीकारलीं. परस्परांचा लळा असलेल्या भावंडांची सहसा ताटातूट करूं नये, असें त्यांत सांगितलें आहे. निर्वासितांच्या याद्या आजहि होत आहेत. यादी करणाराच्या हातीं लेखणी असते, आणि दोन नांवें एका ओळींत लिहावयाचीं कीं दोन निरनिराळ्या कागदांवर, यावर दोन आयुष्यें अवलंबून असतात.