रुग्णाचा पाण्याचा हिशेब



आजारी माणसाजवळ बसण्याची पाळी आज ना उद्या प्रत्येकावर येते. डॉक्टर विचारतात, "काल पाणी किती घेतले? लघवी किती झाली?" आपण सांगतो, "बऱ्यापैकी." या 'बऱ्यापैकी'वर उपचार ठरवता येत नाहीत, एवढेच आज आम्हास सांगावयाचे आहे.

आमच्याच घरची गोष्ट. आई तापाने रुग्णालयात होती. आम्ही भावंडे पाळीपाळीने बसत होतो. उशाशी ठेवलेला तांब्या रिकामा होई, त्यामुळे पाणी पोटात जाते अशी आमची समजूत. तिसऱ्या दिवशी सिस्टरांनी विचारले, तर सकाळपासून लघवी झाली की नाही हे एकालाही सांगता येईना. तांब्यातले पाणी बहुतेक आम्हीच प्यालो होतो! आई हळूच म्हणाली, "भांडे द्यायला तुम्हाला सारखं कसं उठवायचं? म्हणून कमीच प्याले." शेवटी सलाईन लावावे लागले. आई बरी झाली. चूक मात्र आमची होती.

म्हणून एक वही करावी. सकाळी आठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी आठ असा दिवस धरावा. घरचा पेला, कप, वाटी यांत किती मिलिलिटर मावते ते आधी मोजून ठेवावे. पाणी, चहा, दूध, पेज, सलाईन हे सारे वेळेसह लिहावे. भाकरी किती वाढली हे न लिहिता किती खाल्ली ते लिहावे. दुसऱ्या बाजूस मोजलेली लघवी, उलटी, जुलाब लिहावेत. पाळी बदलताना वही हातात द्यावी.

प्रौढ माणसास वजनाच्या दर किलोमागे ताशी निदान अर्धा मिलिलिटर लघवी व्हावयास हवी. ६० किलोच्या माणसास ताशी ३०, म्हणजे २४ तासांत ७२० मिलिलिटर. त्याहून कमी दिसल्यास लगेच सांगावे. घाम व श्वासावाटे जाणारे पाणी मोजता येत नाही, तापात ते वाढते; त्यामुळे दोन्ही बाजू तंतोतंत जुळणार नाहीत. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणून रोज सकाळी त्याच काट्यावर वजन करावे. हृदयाच्या व मूत्रपिंडाच्या रुग्णास मात्र पाण्याचा आग्रह करू नये. डॉक्टरांनी ठरवून दिले तेवढेच द्यावे.

विनयपिटकातील महावग्गात, जुलाबाने आजारी पडलेल्या भिक्खूला भगवान बुद्धांनी आनंदासह स्वतः धुतल्याची कथा आहे. मलमूत्र आणि ओकारी उचलताना किळस न वाटणे हा शुश्रूषा करणाऱ्याचा गुण तेथे सांगितला आहे. तो आमच्या चेहऱ्यावर आईला दिसला असता, तर ती पोटभर पाणी प्याली असती.

विद्यार्थी मित्रहो, घरात कोणी आजारी पडले तर ही वही तुम्ही हाती घ्या, आणि भांडेही तुम्हीच आपणहून पुढे करा.